कुणी मागणार नाही असा कोट

उलामिलाने स्वतःसाठी आणलेला कपडा महिनाभर तरी तिच्या अंगावर टिकला असेल तर शपथ! बाई जुन्या कपड्यांची मोठी दर्दी. आमच्या बेटावरच्या नौसोरीत, दुकानातल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची आणि नुसत्या बोटांनी ओळखायची, हे सुती, हे काखेत उसवलेलं. पण माल घरी पोचला की चुलतबहीण यायची, मावशी यायची, 'केरेकेरे' म्हणायची आणि झगा घेऊन जायची. आमच्याकडे नातलगाने हा मागण्याचा शब्द उच्चारला की संपलं. नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा कोण जाणार? त्यातून उला अडतीस वर्षांची, बिनलग्नाची, म्हाताऱ्या बापाचं करणारी. एकट्या जिवाला लागतं काय, असं म्हणत लोक तिच्याकडे जरा जास्तच मागायचे. गेल्या नाताळात चर्चला जायला आणलेला निळा झगा तिने एकदाच घातला.

यंदा मात्र तिच्या पदरात कपड्याहून मोठं काही पडलं होतं. न्यूझीलंडच्या फळबागेत सात महिन्यांचं काम! भावकीतून एकच नाव जायचं होतं, आणि गावच्या कारभाऱ्यांनी तिचं लिहिलं होतं. सोमवारी यादी शहरात जाणार. "तोवर तोंड शिवून ठेव, बाई," त्यांनी बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा उलाला एक गोष्ट फक्त स्वतःसाठी हवी होती, इतकी की तिला घास गोड लागत नव्हता.

शनिवारी सकाळी दुकानाच्या मालकिणीने, सुभागवतीने, नवी गासडी फोडली. बायका तुटून पडल्या. तिथला नियम एकच, हातात आहे तोवर तुझं, सोडलंस की गेलं. शर्ट, पडदे, कुठल्याशा शाळेचे गणवेश, आणि तळाशी उलाच्या बोटांना जाड लोकर लागली. तिने ओढून काढला. बायकांचा करडा कोट, गुडघ्यापर्यंतचा, अस्तर शाबूत, सगळी बटणं जागेवर! तिला हसूच फुटलं. तिकडच्या थंडीत हाच लागणार. आणि आमच्या उकाड्यात असला कोट कोण मेली मागणार आहे? असा विचार तिने केला, आणि इथेच बाई फसली.

"अगं उला!" शेजारून आवाज आला. थोरल्या भावाची बायको, केलेरा. "हा घालून दालोचे कंद उकडणार, की स्वतःच उकडणार?"

बायका खिदळल्या. उलाही हसली. "बाबांना घेतलाय, वहिनी. पहाटे गारठा लागतो त्यांना."

"बायकांचा कोट? बाबांना?" केलेराचं हसू थांबलं. तिने कोट बघितला, मग उलाचं तोंड बघितलं. "यादीत नाव तुझं लागलंय. हो ना?"

उलाने कोट छातीशी धरला. तेवढ्याने केलेराला कळलं.

केलेरा तिथेच ढिगाशेजारी खाली बसली. मान खाली घातली, तळहात पोकळ करून तीनदा टाळी वाजवली. मोठं मागणं मागायची आमच्याकडची ही रीत.

"केरेकेरे, उला. तुझी जागा मला दे. तुझ्या भावाची पाठ गेलीय, चार पोरं आहेत. तुला कोण आहे?"

मला मी आहे की! अगदी ओठांपर्यंत आलं होतं उलाच्या. पण सगळ्या बायका बघत होत्या, आणि केलेरा एक अक्षरही खोटं बोलत नव्हती. लबाड बाई असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथे तीही सोय नव्हती.

"घे," उला म्हणाली. "कारभाऱ्यांना मी सांगते."

केलेरा तिच्या गळ्यात पडून रडली, तिच्या गालांचे मुके घेतले. मग उलाने कोटही पुढे केला. केलेराने घातला, तर बाह्या मनगटाच्या वर वीतभर राहिल्या आणि पाठीत शिवण कुरकुरली.

"आखूड होतोय गं मला. तूच बघ ना एखादा मोठा."

"बघते, वहिनी."

उला वाकली आणि खांद्यापर्यंत ढिगात शिरली, तोंड कुणाला दिसणार नाही इतकी. रडू आवरता आवरत नव्हतं. जरा वेळाने बोटांना पुन्हा लोकर लागली, पहिल्याहून जाड. क्षणभर तिला वाटलं, नाही सापडला म्हणून सांगावं. मग तिने तो ओढून काढला.