पाणी जास्त झालं असेल

नर्सरीत मेलेलं रोप परत घेऊन येणारं गिऱ्हाईक नेहमीचंच. त्याला काय म्हणायचं हे मी धंद्यात पडल्या पडल्या शिकले. पान चुरगाळून बघायचं, मातीत बोट घालायचं आणि म्हणायचं, "पाणी जास्त झालं." बहुतेक वेळा ते खरंही असतं. माणसं प्रेमानं रोज तांब्या ओततात आणि मुळं कुजतात. पण खरं नसलं तरी हे वाक्य तितकंच चालतं, कारण आपण नेमकं किती पाणी घातलं याची कुणालाच खात्री नसते. गिऱ्हाईक ओशाळतं आणि दुसरं रोप घेऊन जातं.

माझी नर्सरी कामशेतजवळ, जुन्या हायवेला लागून आहे. शनिवार-रविवार लोणावळ्याचे बंगलेवाले येतात, एरवी आसपासची माणसं. त्यातच एक मावशी होती. घोरावाडी स्टेशनजवळ मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायची. लोकलनं यायची आणि कापडी पिशवीत रोप उभं धरून न्यायची. मूळची पवनानगरकडची. तिकडे तिच्या हाताला गुण आहे असं मानत. परसात काकडी, दोडका, दुधी लावायचा असला की पहिलं बी तिनं टोचायचं, मग बाकीच्यांनी. हे तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं, कुणी आपला रक्तगट सांगावा तसं.

पावसाळ्यात तिनं गॅलरीसाठी मोगरा नेला. तो वाळला. ती कुंडीच घेऊन आली. मी पान चुरगाळलं, मातीत बोट घातलं.

"मी तर दिसाआड घालते," ती म्हणाली.

"गॅलरीत ऊन कमी, मावशी. तेवढंही जास्त होतं."

तिनं दुसरा मोगरा नेला. तोही गेला. त्यानंतरचा गेला तेव्हा ती रिकाम्या हातानंच आली आणि आल्या आल्या म्हणाली, "पाणीच जास्त झालं असंल." मला बोलावंसुद्धा लागलं नाही. मग बरेच दिवस ती फिरकली नाही.

दिवाळीच्या सुमारास एका बंगल्यासाठी मावशीला दिलेल्याच लॉटमधले मोगरे मी मोठ्या कुंड्यांत लावायला घेतले. पहिल्या रोपाची प्लास्टिकची पिशवी फाडली आणि मातीच्या गड्ड्यातून हुमणी बाहेर पडली. पांढरी, जाड, पोटाशी वाकलेली अळी. तिनं मुळं खाऊन टाकली होती. पुढच्या पिशवीतही तेच. वरून पाहिलं तर रोप नुसतं मलूल दिसतं, पाणी जास्त झाल्यावर दिसतं तसंच.

हुमणी कुठून आली हे मला शोधावं लागलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नेहमीचं शेणखत संपलं होतं आणि रोपं तर भरायची होती. मी एका नव्या गोठ्यावरून ट्रॉली मागवली. शेणखत मुरलं की त्याला मातीचा वास येतो आणि ढिगात हात घातला तर गार लागतं. मी हात घातला होता. आतून कोमट लागलं होतं, म्हणजे खत कच्चं होतं, आणि हुमणी कच्च्या खतातूनच येते. तरी मी ते मातीत मिसळायला सांगितलं.

उरलेलं खत मी उन्हात पसरलं, चाळलं, रोपं बाजूला काढली. बंगल्याच्या मालकांना त्याच दिवशी फोन केला. "लॉट खराब निघाला, तुम्हाला दुसरा देते." त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, ओळखीच्या आणखी एकांना माझं नाव सांगितलं. मावशीचा नंबरही माझ्याकडे होता. तो मी लावला नाही. बंगल्याची बाग वर्षभर सांभाळायची होती आणि मावशी एकेक रोप नेणारी. असा हिशेब मी बसून केला नव्हता, पण वागले मात्र त्याच हिशेबानं.

संक्रांत जवळ आली तेव्हा ती आली. पिशवीत मोगऱ्याच्या कुंड्या होत्या, आतली माती तशीच.

"ह्या घे. कुंड्या चांगल्या हायेत, कुणाला तरी लागतील."

"का हो मावशी? दुसरं काही लावा. जास्वंद लावा."

"न्हाई बाई. माझ्या हातचं आता काय लागत न्हाई. तुळस पन शेजारनीला दिऊन टाकली. उगा तिचा जीव नको जायला." ती हसली. "बहिनीनं बोलीवलंय, उन्हाळी काकडी लावायची म्हनून. सांगितलं, दुसऱ्या कुनाचा हात बघ. ती म्हनती, मुलाच्या फ्लॅटात गेली न् हात बी शहरातला झाला."

शेजारी दोन गिऱ्हाइकं गुलाब निवडत होती. त्यांच्यादेखत बोलले नाही. ती गिऱ्हाइकं गेल्यावरही बोलले नाही. मावशीला चहा पाजला आणि रिक्षापर्यंत सोडलं. मग परत येऊन त्या कुंड्या पालथ्या केल्या. हुमण्या निघाल्या. साळुंक्यांना टाकल्या तर पटापट उचलून नेल्या.

सोमवारी गिऱ्हाईक नसतं. नर्सरी बंद ठेवून मी घोरावाडीला गेले. गॅलरीत कपडे वाळत होते आणि कुंड्यांच्या जागी गोल डाग राहिले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खत कच्चं होतं, हुमणी होती, पाण्याचा काही संबंध नव्हता.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला कदी कळलं?"

"दिवाळीत."

"मंजे परवा मी आलते तवा ठावं व्हतं."

"होय."

"आन च्या पाजलास."

आतून सूनबाई पाणी घेऊन आली, ते मी घेतलं नाही. मावशीनं आपल्या तळव्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "बहिनीकडं मी सांगितलं तर म्हनतील, म्हातारी सबब सांगती. तू चल न् तुज्या तोंडानं सांग."

मी गेले. कामशेतवरून जीपनं पवनानगर, तिथून थोडं चालत. परसात वाफा तयार होता. मावशीची बहीण, तिची सून आणि शेजारच्या बायका जमल्या होत्या. "आली का शहराची पाव्हनी," बहीण म्हणाली, "आन ही कोन, सायबीन?" मी सगळं सांगितलं. ढिगात घातलेला हात, दिवाळी, चहा. काहीच गाळलं नाही. एक बाई म्हणाली, "दुकानदार असंच करत्यात." दुसरी म्हणाली, "येवढ्यासाठी लांबनं आलीस, ते एक बरं केलंस." दोघींचं बोलणं मला सारखंच लागलं.

बहिणीनं मावशीच्या हातावर बिया ठेवल्या. "लाव आता. तुजा हात चांगला हाय, ऐकलंस न्हवं."

मावशी वाफ्यापाशी बसली. बी टोचलं मात्र नाही. बिया पदरात बांधल्या आणि कडेच्या शेणखताच्या ढिगात काटकी खुपसून ढीग उकरायला लागली. मूठभर खत हातात घेऊन चुरलं, वास घेतला, पुन्हा खोल हात घालून बघितला. बायका थांबून राहिल्या.

"हे गं काय?" बहीण म्हणाली. "कदी बघितलं व्हतंस का आदी? घरातलंच खत हाय."

"असंल," मावशी म्हणाली. तिनं ढीग दुसऱ्या बाजूनंही उकरला, आणि मगच बी लावलं.

तिची काकडी उगवली, असा बहिणीच्या सुनेचा फोन आला. आता मी मेलेलं रोप आलं की आधी कुंडी पालथी करते, मग बोलते. बऱ्याचदा पाणीच जास्त झालेलं असतं. पण मी तसं म्हटलं की गिऱ्हाईक ओशाळतं, आणि मला मावशीचा ढिगात गेलेला हात दिसतो. त्या हाताला पूर्वी उकरून न बघताही विश्वास ठेवता यायचा.