सासूच्या नावावरचं गोडाऊन

पूर्णा गावचे लडकूशेठ रोज देवपूजा आटोपून, गळ्यात बोटभर जाड साखळी घालून आपल्या गोडाऊनपुढे खुर्ची टाकून बसत. आपल्या म्हणायचं एवढंच. भावांची नजर नको म्हणून जागा त्यांनी सासूबाईंच्या, ठकुबाईंच्या नावावर करून ठेवली होती. ही अक्कल देवीनेच दिली, असं ते चारचौघांत सांगत.

मुलीची, उन्नतीची हळद तिथेच व्हायची होती. पण लग्न तोंडावर आलं आणि एजंट भावेशने जास्तीच्या भाड्याची लालूच दाखवून गोडाऊन खोक्यांनी भरून टाकलं.

"हळद हॉलमध्ये करू, आये," लडकूशेठ म्हणाले. ठकुबाई शेजारी वाल सोलत बसल्या होत्या.

मग ते समोर उभ्या एजंटकडे वळले. "खोक्यांत हाय तरी काय रे, भावेश?"

"आंघोळीचा टब, सोनेरी नळ, झुंबरं. रशियातल्या एका शेठचं सामान. जप्तीची भीती ना, म्हणून पैसा एका जागी ठेवतच नाहीत. कंपनी सायप्रसला, बंगला दुबईला, आता गोव्यात घर बघतायत. आणि कशावरच स्वतःचं नाव नाही."

"मग कुणाचं?"

"बायकोचं, मेव्हण्याचं, ड्रायव्हरचं."

"अरे, हा तर आपल्यातलाच निघाला!"

"दुबईचा बंगला सासूच्या नावावर होता. तिने कुलूप बदललं, सामान रस्त्यावर काढलं. म्हणून तर इथे आलंय."

लडकूशेठ एवढे हसले की चहा नाकातून आला. "येडा रे येडा! सासूच्या नावावर कोण..."

आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

ठकुबाईंनी वालाची टोपली बाजूला सारली, पदर सारखा केला. "जावईबापू, कुलूप चांगलं कुठं मिळतं? टेमघरला का कशेळीला?"

"आये, मस्करी नको."

"वज्रेश्वरीची आण, मस्करी न्हाय. माज्या नातीची हळद हिथंच."

दुसऱ्याच दिवशी सगळी खोकी एका भिंतीला गेली. टबाचं खोकं तेवढं हलेना. ठकुबाईंनी त्यावर धुतलेली चादर घातली, देवीचा फोटो मांडला, पुढे निरांजन लावलं. खोकं पेटेल या धास्तीने भावेश त्या निरांजनाकडे बघत एवढं नामस्मरण करत होता, जेवढं त्याने जन्मात केलं नसेल.

हळदीला अख्खं गाव लोटलं. बेंजो वाजू लागला. ठकुबाई कंबरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून सगळ्यांच्या पुढे नाचत होत्या.

"काय जागा हाय, शेठ!" व्याही म्हणाले. "तुमचीच ना?"

लडकूशेठनी एकदा किल्ल्यांकडे बघितलं.

"आयेची," ते म्हणाले. "मी आपला हिथला रशियन."