लिंक तर झालं होतं

आमच्या ऑफिसात त्याला सगळे ‘टाकेवाला’ म्हणत. वेब सर्व्हरची मॉड्यूलं, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे तुकडे, कम्पाइल करायची, तयार कोडच्या लायब्ररींशी लिंक करायची, म्हणजे टाके घालून जोडायची, आणि एकच कपडा निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंगावर बसवायचा, हे त्याचं काम. डायलिसिस केंद्रात कुणाचा नंबर आधी, हे ठरवणारं मॉड्यूल मात्र त्याच्या थोरल्या भावाचं. भाऊ गेल्यावर यानं ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

केंद्राचा सगळा कारभार भावानं उभ्या केलेल्या एकाच जुन्या मशीनवर चालायचा. आता दोन नवे सर्व्हर आले होते, एक लिनक्सचा, एक विंडोजचा. सकाळी टाकेवाल्यानं जुन्या मशीनवरून प्रोजेक्टचा फोल्डर उचलून आणला. लिनक्सवर पहिल्याच फटक्यात लिंक झालं, हूं की चूं नाही. जुनं मशीन दुसऱ्या विभागाला हवंच होतं. “पुसा खुशाल,” तो म्हणाला, “सगळं माझ्याकडे आलंय.”

दुपारी विंडोजवर ही जोडणी करणारा लिंकर अडून बसला. नंबर ठरवणारं फंक्शनच, म्हणजे नेमका तो हिशोबच, सापडेना. टाकेवाल्याचा चेहरा पडला. लिनक्सवर असं मॉड्यूल लिंक करताना न सापडलेल्या फंक्शनची चौकशीच होत नाही; मॉड्यूल चालवू लागलं की मग ते उघडं पडतं. त्यानं चालवलं. तिथंही तेच. भावानं ते फंक्शन वेगळ्या लायब्ररीत लिहून जुन्या मशीनच्या सिस्टिम फोल्डरात ठेवलं होतं. म्हणजे मशीनबरोबर तेही सकाळीच पुसलं गेलं होतं.

“चालवून तरी बघायचंस,” आमच्या ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या.

“लिंक झालं होतं ना.”

“सोयरीक जमली म्हणजे संसार झाला का रे?”

त्यानं वहिनीला फोन लावला. “दादाचा एखादा पेनड्राइव्ह, जुनी डिस्क, काहीही?”

“भाऊजी, तुम्हीच तर सगळं घेऊन गेलात. नुसती वायरसुद्धा ठेवली नाहीत.”

त्यानं कोरी फाइल उघडली, फंक्शनचं नाव लिहिलं आणि थांबला.

“किती वेळ लागेल?” मॅडमनी विचारलं.

“लिहायला वेळ नाही लागत. दादा कुणाला आधी आत घ्यायचा, तेच मला माहीत नाही.”

शेवटी त्यानं केंद्रातल्या नर्सला फोन केला. “ताई, उद्याचे नंबर तुम्हीच लावा.”

“लावते की. पण आजवर ते मशीनच लावायचं. कशावरून लावू, ते सांगा.”