प्लेटलेटची हाक

माझ्या बायकोच्या मामांइतका रक्ताचा अभ्यास सबंध नाशिकमध्ये कुठल्या डॉक्टरानेही केला नसेल, आणि शाळा तर त्यांनी सातवीतच सोडलेली. आयुष्य गेलं लासलगावला कांद्याचे लिलाव पुकारण्यात. एका ट्रॅक्टरपाशी उभं राहून ते पुकारा करायचे, की व्यापाऱ्यांचा घोळका धावलाच. आवाज असा, की पुढे नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर ते फोनवर बोलले तरी खालचा वॉचमन गेट उघडायचा.

मामींची बोटं थंडीत पांढरी पडायला लागली, पुढे कातडी ताठरली, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. रक्तातल्या प्लेटलेट एक केमोकाइन सोडतात, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारं रसायन. जखम झाली तर ते हवंच. पण मामींच्या आजारात ते उगाचच वाढलेलं सापडतं, सूज हटत नाही, आणि कातडी कडक होण्यात त्याचाही हात असावा.

"म्हंजे पुकारणारा थांबंना, म्हणून गर्दी हटंना," मामा म्हणाले. डॉक्टरांनी मान डोलावली आणि तिथेच चूक केली. त्यानंतर मामांना आवरणं कठीण झालं. सलूनमध्ये माझ्या गालाला वस्तरा लागला, तर न्हाव्याला सगळं सांगून होईपर्यंत ते तुरटी लावू देईनात. एका लग्नात नवरदेवाच्या काकांचा पाय मुरगळला. लोक बर्फ शोधत होते आणि मामा त्या पायाशी बसून सुजेच्या आत आता कोण कोण जमलं असेल ते सांगत होते. काका बिचारे मंगलाष्टकं संपेपर्यंत ऐकत राहिले.

गेल्या हिवाळ्यात मात्र मामांनी एक अजब पथ्य धरलं. घरात फक्त कुजबुजायचं. मी कारण विचारलं, तर मला गॅलरीत नेऊन म्हणाले, "जावईबापू, उभा जन्म मी हिच्या कानाशी वरडलो. तेच हिच्या अंगात शिरलं आसंल तर?"

मी म्हटलं, मामा, असं काही नसतं.

"माहिती हाय मला. पन गप बसन्याबिगर माझ्या हातात दुसरं हाय काय?"

निघताना मीही कुजबुजतच निरोप घेतला.

महिन्याभराने गेलो, तेव्हा मामा मामींच्या ओठाशी कप धरून चहा पाजत होते आणि गरम आहे का ते हळूच विचारत होते. मामींनी कप बाजूला सारला.

"बोटं आखडली ती आखडली. आता तुमचा आवाज बी नेता का? घर खायला उठतंय."

मामांनी घसा खाकरला आणि त्या चहाचाच लिलाव पुकारायला घेतला. पण इतके दिवस दाबलेला आवाज वर चढेना, मध्येच फाटला. ते ओशाळले. मामींनी आपला ताठरलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"येईल," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं पुकारा."