नखाएवढी चिप घेऊन कोल्हापूरला

"नखाएवढ्या चिपला अख्खा माणूस लागतो?" बायकोनं विचारलं. "मिसळ खायची आहे, असं सरळ सांग की."

दोन्ही खरं होतं. माझा कॉलेजातला मित्र दिलीप कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपांचे ओतीव लोखंडी भाग तपासून देतो. आत तडा आहे का, ते ध्वनिलहरी सोडणारं यंत्र सांगतं. त्या यंत्राची चिप पुण्याहून न्यायची होती, आणि मागचं पार्सल कुरिअरवाल्यानं पापडासारखं पोचवलं होतं.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. खिडकी उजवीकडची घ्या. डावीकडे साताऱ्यापर्यंत ऊन तुमच्याच मांडीवर बसतं. रस्त्याचं काम चालू आहे. ते कधी संपेल हे विचारू नका, कंडक्टर दुखावतात. पाच तास म्हणतात, साडेसहा धरा. उतरल्यावर मिसळ खाल्ली, पावासोबत. पाव म्हणजे इथं ब्रेडचे जाड स्लाइस. नाक वाहिलं, पैसे वसूल.

दिलीप चेहरा पाडून बसला होता. जुनी चिप जळाल्यावर त्यानं स्वस्तातली, मंद चिप बसवली होती.

"परत आलेल्या लहरीचे आकडे करायचे, एवढंच तिचं काम," तो म्हणाला. "सोनोग्राफीत, रडारमध्ये हिचीच भावंडं. पण मोजायचं सेकंदाला कोट्यवधी वेळा. मंद चिप म्हणजे कुस्ती बघताना डोळा मिटला आणि नेमका तेवढ्यात डाव पडला."

डाव पडला होता तो आप्पांवर. आप्पा इथले जुने मिस्त्री. हातोडीनं ठोकून, आवाज ऐकून माल पारखणारे. एका भागावर त्यांनी खडूनं फुली मारली होती. यंत्र म्हणालं, निर्दोष. दिलीपनं सगळ्यांदेखत फुली पुसली आणि माल पाठवला. तो तडकून परत आला. गिऱ्हाइकानं बजावलं, आणखी एक परत आला तर काम बंद. आप्पा तर फुली पुसली त्या दिवसापासूनच आले नव्हते.

दिलीपनं भिंगाखाली नवी चिप बसवली. परत आलेल्या भागाला तेल लावून यंत्र टेकवलं. पडद्यावर ताडासारखी रेघ उभी राहिली. यंत्र टेकलं होतं बरोबर तिथं, जिथं खडूचा पांढरा डाग अजून होता.

दिलीपनं स्कूटर काढली. मी मागे.

शिवाजी पेठेत आप्पा दारात तंबाखू मळत बसले होते.

"आप्पा, चुकलं माझं. उद्या माल जायचाय. तुमच्याशिवाय नाही पाठवणार."

"आता मशीन काय म्हणतंय?"

"तुम्ही म्हणत होता तेच."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "पावणं, चिप तुमी आणली व्हय? शानी हाय. जरा उशिरा आली, एवढंच."

पण उठले. संध्याकाळपर्यंत आधी हातोडी, मग यंत्र असं चाललं. दोघांनी मिळून एकच भाग बाजूला काढला, आणि त्याची फुली दिलीपनं स्वतः मारली. रात्री तांबडा-पांढरा झाला. पांढऱ्या रश्श्याला साधा समजू नका.

आठवड्यानं दिलीपचा निरोप आला: सगळा माल पास, आप्पांनी चिपचा पगार विचारलाय. तेव्हा आम्ही मंडईत माठ घेत होतो. बायको बोटांनी माठ वाजवून बघत होती. वीस वर्षं मी या प्रकाराला हसत आलोय.

या वेळी कान लावून उभा राहिलो.

"हा नको," ती म्हणाली. मी माठ खाली ठेवला.