गल्याथाची कंबर

शांतवन रामटेके वर्षभर वाडीच्या एका धर्मकाट्यावर बसतात. ट्रक काट्यावर चढतो, आकडा दिसतो, शांतवन पावती फाडतात. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "दादा, जरा पाहून घ्या ना." शांतवन पाहत नाहीत. वजन भरलं तेवढंच पावतीवर चढतं आणि ड्रायव्हर पुटपुटत गाडीकडे जातो. उंची सहा फुटांच्या वर, मिशा पांढऱ्या, आवाज चालू इंजिनावरूनही ऐकू येणारा. अमरावती रोडच्या ड्रायव्हर मंडळींत त्यांचं नाव कोणी प्रेमानं घेत नाही.

मे महिन्यात एक आठवडा ते सुटी टाकतात आणि गल्याथ होतात.

नंदनवनातल्या एका लहानशा चर्चमध्ये दर उन्हाळ्यात मुलांची बायबल शाळा भरते. सकाळी लवकर सुरू होते, ऊन चढायच्या आत संपते. गाणी, कागदकाम, गोष्ट, वचन पाठ करणं आणि शेवटी पन्हं आणि आलुबोंडा. चर्चमधली मुलं येतात, तशी मोहल्ल्यातलीही येतात. पोट्टं सकाळभर घराबाहेर राहतं आणि वरून खाऊन येतं, याबद्दल सगळ्या आया कृतज्ञ असतात. दहावी ते बारावीची मुलं हेल्पर होतात. त्यांना गळ्यात ओळखपत्र आणि शिट्टी मिळते. पहिल्या दिवशी शिट्ट्या इतक्या वाजतात की दुसऱ्या दिवशी त्या परत घेतल्या जातात.

गोष्ट कोणतीही असो, समारोपाला नाटक एकच असतं. पलिष्ट्यांचा महाकाय योद्धा गल्याथ रोज सकाळी येऊन इस्राएलच्या सैन्याला ललकारतो. पुढे व्हायची कोणाची छाती होत नाही. शेवटी मेंढरं राखणारा दावीद गोफणीतल्या एका गोट्यानं त्याला लोळवतो. पूर्वी गल्याथाचं काम मधुकरराव नावाचे रेल्वेतले गार्ड करत. त्यांची बदली झाली, त्या मे महिन्यात शांतवन बर्फाची लादी खांद्यावर घेऊन चर्चच्या फाटकातून वाकून आत शिरले. शाळेच्या प्रमुख चारुशीला टीचर यांनी त्यांना वाकताना पाहिलं. लादी खाली ठेवायच्या आत नेमणूक झाली.

शांतवन यांनी कामात एक भर घातली. गल्याथ रोज सकाळी यायचा ना, मग आपणही रोज सकाळी यायचं. शाळेच्या पाचही दिवशी ते फाटकात उभे राहतात. डोक्यावर घरचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, पालथं, हातात जळमटं काढायची लांब काठी, अंगावर शीतपेयांची झाकणं शिवलेलं जाकीट. वेळेवर येणाऱ्याला वाट मोकळी. उशिरा येणाऱ्याला आदल्या दिवशीचं वचन म्हटल्याशिवाय प्रवेश नाही.

"कोन हाय रे तुमच्यात मर्द? पाठवा माह्यासमोर!"

"काका, सोडा ना. आईनं उशिरा उठवलं."

"आईले पाठव मग."

शेवटच्या दिवशी हाच माणूस गोटा लागून धाडकन पडतो, तेव्हा पोरांना किती आनंद होत असेल, ते सांगायला नको. शांतवन दरवर्षी वेगळं पडत. एकदा गोल गिरकी घेऊन, एकदा खांबाला धरून सावकाश, एकदा पडून पुन्हा उठून पुन्हा पडत. एवढा मोठा माणूस पोरांकडून मार खायला इतका उत्सुक का, असं अंकुशनं त्यांना एकदा विचारलं होतं. अंकुश हा नुकती बारावी दिलेला हेल्पर, नाटकाची जबाबदारी त्याच्याकडे. शांतवन म्हणाले, "काट्यावर सालभर लोक मनातल्या मनात म्हनते, हा पडला पाहिजे. इथं पोट्टे तोंडावर म्हनते. आन पडलो का टाळ्या वाजवते."

यंदा ते आधीच पडले. एप्रिलमध्ये, घरी, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवताना, स्टुलावरून. इतकी वर्षं स्टेजवर आदळलेल्या माणसाच्या कंबरेची चकती दीड फुटाच्या स्टुलानं सरकवली. डॉक्टरांनी रुंद पट्टा दिला, व्यायाम दिला आणि झटका बसेल असं काही करायचं नाही म्हणून बजावलं. शांतवन यांची बायको तारा चर्चच्या स्वयंपाकघरात पन्ह्याचा विभाग सांभाळते. डॉक्टर जे बोलले ते तिनं एकदाच ऐकलं आणि कायदा करून टाकला.

"फाटकात उभं राहून वरडा किती वरडायचं ते. पडायचं नाही."

"पडल्याशिवाय गल्याथ कसा होईन वं?"

"मग होऊ नका."

चारुशीला टीचरनी तोडगा काढला. गोटा लागला की गल्याथ मागच्या खुर्चीत बसेल आणि मान टाकेल. शांतवन यांना तो पटला नव्हता, पण तारा समोर उभी होती. त्यांनी मान हलवली.

तोडगा चांगला होता. फक्त त्यात एक गोष्ट सुटली होती. यंदाचं पाठांतर टीचरनीच फेब्रुवारीत ठरवलं होतं, शांतवन यांची कंबर धड असताना. त्यात दावीद गोटा मारतो आणि गल्याथ जमिनीवर पालथा पडतो, एवढाच भाग होता. टीचरचा नियम जुना आणि कडक: एक शब्द सुटला की अर्धा मार्क गेला. आठवडाभर सगळी शाळा तो भाग घोकत होती. दुसरीतलं पोरगंही "पालथा" गाळत नव्हतं.

चौथ्या दिवशी तालीम झाली. दावीद होती रोशनी. वय नऊ, समोरचे दोन दात नुकतेच आलेले. तिनं गोफण फिरवली, कापडाचा गोळा शांतवन यांच्या गंजावर टण्णकन लागला. शांतवन "आऽऽ" करून खुर्चीत बसले आणि मान टाकली.

रोशनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "टीचर, मार्क कापा."

"कोणाचे?"

"काकांचे. ते पालथे नाही पडले."

"बेटा, काकांची कंबर दुखते."

"मले सर्दी होती तवा म्या एक शब्द सोडला, तुम्ही माझा अर्धा मार्क कापला."

मागून पोरांनी एका सुरात तो भाग म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या शब्दांवर आवाज फारच चढला. चारुशीला टीचरनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेलं. मुलांनी पाठ चोख केल्याबद्दल त्यांना रागावता येईना.

मयुरी ही हेल्परांतली हुशार मुलगी. ती म्हणाली, "पुतळा करू. कापूस भरून. तो पाडू."

"पुतळ्यानं आमाले रोज फाटकात अडवलं का?" एक पोरगा म्हणाला. त्याला पाचही दिवस उशीर झाला होता, म्हणजे चारही. पाचवा अजून यायचा होता. पुतळा बाद झाला. खुर्चीवरून गादीवर घसरणं, दोन हेल्परांनी उचलून ठेवणं, दिवे घालवून अंधारात झोपणं, हेही बाद झालं. शांतवन उठून म्हणाले, "पडतो ना मी. एका डावानं काय होते?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कैरीची एक साल बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी पडली. तारानं सगळं ऐकलं होतं.

त्या दिवशी दुपारी अंकुश आणि मयुरी रामटेके यांच्या घरी गेले. कूलर चालू होता. समोर शांतवन सतरंजीवर पोटावर झोपलेले, हाताचे कोपर टेकून छाती जरा वर उचललेली. तारा शेजारी स्टुलावर, त्याच स्टुलावर, बसून सूचना देत होती.

"श्वास सोडा. मान खाली. घाई कायची हाय?"

"काकू, हे काय?" मयुरीनं विचारलं.

"व्यायाम. डॉक्टरनं सांगतला. दिवसातून दोनदा पालथं झोपायचं."

अंकुश आणि मयुरीनं एकमेकांकडे पाहिलं.

"काकू, खाली कसे जातात ते?"

"पयले एक गुडघा, मंग दुसरा, मंग हात, मंग सावकास पोट. मी धरून राहते. नाहीतर हे घाई करते."

"मग उद्या स्टेजवर असंच केलं तर?" अंकुशनं विचारलं.

तारानं विचार केला. "कोन धरीन? तू? तुले तर गोफन धरता येत नाही."

"तुम्ही धरा."

"मी कायले येऊ स्टेजवर? मी काय पलिष्टी हाय?"

मयुरी गोष्ट पुरती वाचून आली होती. गल्याथाच्या पुढे त्याची ढाल घेऊन एक जण चालत असे, हे तिनं सांगितलं. दरवर्षी ते पात्र गाळलं जायचं, कारण हेल्पर कमी पडत आणि ढाल कोणाला सुचत नसे.

"म्हंजे याच्या पुढं पुढं चालायचं?" तारानं विचारलं.

"हो."

"ते तर मी लगन झाल्यापासून करून राहिली."

सतरंजीवरून शांतवन यांनी मान वर केली. "येशील का वं?"

"मान खाली," तारा म्हणाली. मग अंकुशकडे वळून, "पट्टा काढनार नाही. आन मी सांगीन तवाच उठतीन. कबूल असन तर येते."

समारोपाला चर्चचं सभागृह भरलं. पालक खुर्च्यांवर, पोरं पुढे जमिनीवर, पंखे पूर्ण वेगात. शांतवन आले ते कंबरेचा पट्टा जाकिटावरून बांधून; चिलखत म्हणून तो झाकणांपेक्षा शोभत होता. त्यांच्यापुढे तारा, हातात पन्ह्याच्या पातेल्याचं भलंमोठं झाकण. साडीवर चर्चचा एप्रन तसाच राहिला होता. तिनं पोरांकडे एकदा नजर फिरवली. फाटकातल्या गल्याथाला न घाबरणारी दोन-तीन पोरं मागे सरकली.

"कोन हाय रे तुमच्यात मर्द?" शांतवन गरजले.

"मी पोट्टी हाय!" रोशनी म्हणाली. हे संहितेत नव्हतं. टाळ्या पडल्या.

गोफण फिरली. गोळा सुटला आणि तारानं सवयीनं झाकण आडवं केलं. टण्ण. गोळा खाली पडला.

"काकू!" रोशनी ओरडली.

"अवो, माह्या ध्यानातच नाही राहिलं," तारा म्हणाली. तिनं गोळा उचलून रोशनीच्या हातात दिला. "घे बाई. आता मार."

दुसऱ्यांदा गोळा बरोबर कपाळावर बसला. शांतवन यांनी "आऽऽ" केलं आणि सवयीप्रमाणे गिरकीचा एक पाय उचलला. तारानं त्यांचा दंड पकडला.

"गुडघा."

गल्याथानं एक गुडघा टेकला. पोरं उठून उभी राहिली.

"दुसरा. हात. हां, सावकास."

इतक्या सावकाश मरताना गल्याथ त्या चर्चनं पूर्वी पाहिला नव्हता. पहिल्या ओळीतली पोरं पाठ केलेला भाग म्हणू लागली, मागची त्यांना मिळाली, आणि त्यांना गल्याथासाठी दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शेवटी पोट टेकलं, छाती टेकली, गंज घरंगळत कडेला गेला आणि नाक जमिनीला लागलं. सगळी शाळा "पालथाऽऽ" म्हणून किंचाळली. चारुशीला टीचर पंख्याकडे बघत हसू दाबत होत्या. रोशनीनं ठरल्याप्रमाणे पाय गल्याथाच्या पाठीवर ठेवायला उचलला.

"पाठीले हात लावायचा नाही," तारा म्हणाली. "पायही नाही." दावीदाचा विजय शेजारी उभं राहूनच साजरा झाला.

पुढचा कार्यक्रम बक्षिसांचा. तारानं अजून उठायला सांगितलं नव्हतं, म्हणून बक्षीस समारंभ गल्याथाला वळसा घालून झाला. मुलं येत, त्याला ओलांडत नसत, डोक्याच्या बाजूनं फिरून जात आणि जाता जाता "काका, मेले का?" असं विचारून जात. पाठांतरात रोशनीला पहिलं बक्षीस मिळालं. तिनं माइकमधून विचारलं, "काकांचे मार्क?"

"पैकीच्या पैकी," टीचर म्हणाल्या.

खालून आवाज आला, "तारा, पंखा जरासा इकडं फिरव वं. गर्मी होऊन राहिली."

तारानं पंखा फिरवला. "गप पडा," ती म्हणाली. "मेले ना तुम्ही?"