जाळीपाशी चार नंबर

उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचं आणि हळूच म्हणायचं, "फिर की गं." आमच्या शाळेतले खेळाचे सर दिवसातून किती वेळा हे करत, याला हिशेब नव्हता. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं दिसलं, तरी तसंच बोट फिरवून ते मुकाट्यानं शेजारच्या खुर्चीवर बसत.

शाळकरी व्हॉलीबॉल तुम्हीही कधी कुंपणाशी उभं राहून पाहिला असेल. तीन जणी जाळीपाशी, तीन मागे. समोरच्यांकडून सर्व्हिसची पाळी आपल्याकडे आली, की सहाही जणींनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा सरकायचं. सर मुलींना सांगत, "हितं कुणाला मागं लपून ऱ्हायला मिळत न्हाय. सगळ्यांची पाळी जाळीला येते."

आमची शाळा भवानी पेठेतली, मुलींची. मी मराठी शिकवायचे. संघाबरोबर एक बाई लागते म्हणून सामन्यांना जायचे. सर सीमेवरच्या मैंदर्गीचे. राग आला की ते कानडीत बोलत. संघातल्या बहुतेक मुली विणकरांच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांना ते कळायचं नाही, त्यामुळे सरांच्या रागाला कुणी भीत नसे.

त्या वर्षी दोन मुली घरच्यांबरोबर भिवंडीला गेल्या आणि संघात नेमक्या सहा उरल्या. सातव्या मुलीसाठी सर घरोघरी फिरले. कुणी परीक्षेचं कारण सांगितलं, कुणी हाफ पँटचं. तशाच सहा जणींनी शाळेला पहिल्यांदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. त्यातली महानंदा वळसंगची. सकाळच्या एसटीनं यायची, सगळ्यांत उंच. चार नंबरवर, म्हणजे जाळीच्या डाव्या टोकाला ती आली, की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरत.

सामना तिसऱ्या सेटपर्यंत गेला. महानंदा तेव्हा मागे उजव्या कोपऱ्यात, एक नंबरवर होती. चेंडू उचलायला झेपावली आणि तिचा उजवा गुडघा आत मुरगळला. पंचांनी तीन मिनिटं दिली. बदली मुलगी नव्हती, आणि पाच जणींचा संघ नियमात बसत नाही. सरांनी गुडघा दाबून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. सोडून देऊ, असं ते म्हणाले. महानंदा ऐकेना. मी नुसती उभी राहते, म्हणाली. बाकीच्या पाच जणी रडत होत्या.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सर तिला म्हणाले, "मागं हायेस तवर खेळ. उडी मारायची न्हाय. शपथ हाय माझी."

पुढचा खेळ मला नीट आठवतो, कारण मी सरांकडेच बघत होते. आम्ही सर्व्हिस परत मिळवली, मुली फिरल्या, महानंदा लंगडत मागेच मधे, सहा नंबरवर गेली. आणखी एकदा मिळवली, ती मागच्या डाव्या कोपऱ्यात, पाचवर गेली. आता पुन्हा सर्व्हिस मिळाली की ती जाळीशी येणार होती. सगळं मैदान आमच्या शाळेचं नाव घेऊन ओरडत होतं आणि सर हात खाली सोडून उभे होते. आमचा गुण होऊ नये असं त्यांना वाटत असावं. गुण झाला. महानंदा चार नंबरवर आली.

सामना थांबवायला सरांनी हात वर केला, पण तोवर आमची सर्व्हिस होऊन चेंडू पलीकडून परत आला होता. आमच्या मुलीनं सवयीनं तो डावीकडे उंच उडवला. महानंदानंही सवयीनंच उडी मारली. ती खाली आली तेव्हाचा आवाज मला बाकावर ऐकू आला.

दवाखान्यात तिचे वडील शेतातल्या कपड्यांवरच आले. ते ओरडले नाहीत. "सर, ती ल्हान हाय. तुमाला तरी कळायला पायजे हुतं की," एवढंच म्हणाले. सर त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते बाजूला झाले. मी तिथेच होते. मान हलवल्याचं तेव्हा सांगायला हवं होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल, पण धावणं विसरा. सर दर रविवारी वळसंगला जात. दारातून परत पाठवलं की स्टँडवर बसून राहत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जात. मग एके दिवशी शाळेत राजीनामा देऊन ते मैंदर्गीला भावाच्या बियाण्यांच्या दुकानात जाऊन बसले. माझा फोन त्यांनी कधी उचलला नाही.

गेल्या महिन्यात महानंदा माझ्याकडे आली. कॉलेजात आहे आता. पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावते. म्हणाली, "बाई, मला सरांना भेटायचंय. मीच हट्ट केला हुता, हे त्यांना सांगायचंय." मलाही माझ्या मान हलवण्याचं दोघांसमोर सांगायचं होतं. आम्ही दोघी मैंदर्गीला गेलो.

दुकानात भाऊ होता. आम्ही नावं सांगितली. तो दुकानामागच्या घरात गेला, बराच वेळ आतून कानडीत दबकं बोलणं ऐकू आलं, मग मागचं दार वाजलं. बाहेर येऊन त्यानं आम्हाला चहा दिला. सर गावाला गेलेत, कधी येतील माहीत नाही, असं खाली बघून म्हणाला.

आम्ही दोन तास बसलो. आतल्या उंबऱ्यापाशी सरांची चप्पल पडली होती. बाहेर ऊन भाजत होतं, आणि मागच्या बाजूला नुसती नांगरलेली शेतं होती. महानंदानं चप्पल पाहिली, मीही पाहिली. मग ती भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "चला बाई. आपण गेल्याबिगर ते घरात येणार न्हाईत."